आप्पांना लागलेलं 'कै.'

१

भिमाजी बोऱ्हाडे वारले, ही बातमी मला खुद्द भिमाजी बोऱ्हाडे यांनीच फोन करून दिली.

"उद्धवराव, आमी गेलो," ते म्हणाले. "पत्रिकेत आलंय. चहा झाला का?"

मी चहाच पीत होतो. कप खाली ठेवला आणि फोनवर त्यांच्या घरच्या ग्रुपमध्ये आलेली लिंक उघडली. भिमाजींच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या, घरचं लग्न आठवड्यावर आलेलं. कागदाच्या पत्रिका देवापुढे ठेवण्यापुरत्याच. बाकी सगळं निमंत्रण नवऱ्यामुलानं बनवलेल्या वेबसाइटवर, छापखान्यानं करून दिलेल्या चित्रातून. तिथे गणपतीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: चि. सौ. कां. इंद्रायणी, कै. भिमाजी कोंडाजी बोऱ्हाडे, मु. मोशी, यांची कन्या.

'कै.' कोणाच्याही नावाआधी एकदाच लागतं आणि ते लागलेलं ज्याचं त्याला वाचता येत नाही. आप्पांना वाचता आलं. तेही चष्मा लावून.

"आप्पा, जित्या माणसाच्या मरणाची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात," मी म्हणालो.

"व्हय तर! पर आमच्या भैनीला, शालनला, कोन सांगनार? चाकणवरनं फोन करून नुसती रडती. मीच तिची समजूत काढली, बाई, मी बोलतोय, म्हंजी हाय अजून." आणि ते खो खो हसले.

आप्पा आणि मी चिंचवडच्या एकाच कंपनीतून निवृत्त झालो. ते प्रेसशॉपला, मी टाइम ऑफिसात. त्यांना उशीर झाला की मी भांडायचो आणि डबा मात्र त्यांच्यातलाच खायचो. इंद्रायणी ही त्यांच्या धाकट्या भावाची, ज्ञानोबाची मुलगी. ती रांगत होती तेव्हाच तिचे आईबाप गेले. आप्पांनी आणि यशोदाबाईंनी तिला आपल्या रणजीतच्या बरोबरीनं वाढवलं, आणि खरं सांगायचं तर थोडं जास्तच लाडानं. रणजीत बापाला आप्पा म्हणतो, म्हणून तीही आप्पाच म्हणते. कन्यादानाला आप्पा आणि यशोदाबाई बसणार, हे ती चालायला लागली तेव्हापासून ठरलेलं.

दुपारी नवऱ्यामुलाचा, निरंजनचा, ग्रुपवर मेसेज आला. चूक झाली, माफ करा, पत्रिका दुरुस्त केली आहे. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मला वाटलं, मिटलं.

संध्याकाळी यशोदाबाईंचा फोन आला. आवाज रडवेला.

"भावजी, हे भिंतीकडं तोंड करून निजल्यात. लग्नाला येनार न्हाई म्हनत्यात, कन्यादान रणजीतला करू द्या म्हनत्यात. आन् पोरगी म्हनती, आप्पा नसतील तर मी बोहल्यावर चढायची न्हाई."

"अहो, पण पत्रिका तर दुरुस्त झाली ना?"

"कुटं झाली? मी आत्ता ह्यांच्या फोनवर बघितलं," त्या म्हणाल्या. "परत कै. आलंय."

२

आमच्या घरात एखादी गोष्ट बिघडली की मी देवाला हात जोडतो आणि माझी बायको उत्कर्षा चष्मा पुसते. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तिनं क्वालिटीमध्ये उभा जन्म काढला. तिच्या हाताखालून तिरका बोल्ट गेला नाही आणि माझी एकही थाप गेली नाही. निवृत्तीनंतर संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हरवलेल्या वस्तू, पळालेली मांजरं आणि सासवासुनांची भांडणं तिच्याकडेच येतात.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," मी म्हणालो. "दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडवतंय. मला तर त्या रणजीतचा संशय येतो. बापाचा सगळा जीव पुतणीवर. पोराच्या मनात काही असणारच."

"तुम्ही टाइम ऑफिसात होतात तेव्हाही असंच निदान करायचात का?" ती म्हणाली. "दाखवा फोन."

मी दाखवला. कै. भिमाजी. तिनं तिचा फोन उघडला, तीच लिंक दाबली, आणि फोन माझ्यापुढे धरला.

तिच्या फोनवर लिहिलं होतं: कै. ज्ञानोबा कोंडाजी बोऱ्हाडे यांची कन्या व श्री. भिमाजी कोंडाजी बोऱ्हाडे यांची पुतणी.

एकच सोफा, घरातलं एकच वायफाय, एकच लिंक. माझ्या मांडीवर आप्पा मेलेले आणि तिच्या मांडीवर धडधाकट. मी पुन्हा उघडलं, मेलेले. तिनं पुन्हा उघडलं, जिवंत. मला घाम फुटला, कारण आता मुद्दाम करणारा माणूस माझ्याच घरात शिरून फक्त माझ्याच फोनवर करत होता.

उत्कर्षानं दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि सवयीप्रमाणे आधी एक, मग दुसरा, असं बघत बसली.

"अहो, तुम्ही सगळे त्या कै.वर अडकलात," ती म्हणाली. "तुमच्या पत्रिकेत एक माणूस कमी आहे, ते दिसलं का?"

मी पाहिलं. माझ्याकडच्या पत्रिकेत ज्ञानोबाचं नावच नव्हतं.

"नुसतं कै. चुकून इकडचं तिकडं लागलं असतं, तर नावं तरी दोन्ही असती," ती म्हणाली. "उद्या सकाळी स्कूटर काढा. मोशीला जायचंय."

३

भोसरीच्या पुलाखाली नेहमीसारखे कंटेनर अडकलेले. मोशीला पोचेपर्यंत माझं डोकं तापलं होतं, आणि आप्पांचं दार उघडल्यावर ते थंडच पडलं. ज्या घरात पाय ठेवला की 'या उद्धवराव' अशी आरोळी येते, तिथे आप्पा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"आप्पा, उठा. सगळं दुरुस्त झालंय," मी म्हणालो.

"मेलेला मानूस लग्नाला जात न्हाई," भिंतीनं उत्तर दिलं.

"फोन बघू जरा तुमचा," उत्कर्षा म्हणाली.

आप्पांचा हात पटकन उशीखाली गेला. "फोनला काय बी झालेलं न्हाई, ताई. ऱ्हाऊ द्या."

यशोदाबाईंनी आम्हाला ओसरीवर नेलं. त्या सांगू लागल्या. पत्रिका आली तेव्हा आप्पा मजेत होते. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते, बघा, आमी सर्गातनं बोलतोय. जेवले, झोपले, उठले. संध्याकाळी रणजीत कंपनीतून आला, त्यानं स्वतःच्या फोनवर दुरुस्त झालेली पत्रिका उघडून आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली, आणि तिथंच हे भिंतीकडे वळले.

"आज पहाटं उठून, चष्मा लावून, फोनवर तीच कै.ची पत्रिका बघत बसले व्हते," त्या म्हणाल्या. "एवढं जिव्हारी लागलंय बघा. रणजीत म्हनला द्या फोन, मी बघतो काय झालंय, तर त्याच्या अंगावर गेले."

रणजीत गोठ्याच्या जागी केलेल्या पार्किंगमध्ये मोटरसायकलला टेकून उभा होता. तिशीचा गडी, पण डोळ्यांत पाणी आणून बोलला.

"काकू, आमच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागतो. लिंक आली तेव्हा मी शिफ्टला. सुटल्यावर पहिल्यांदा उघडली तर सगळं बरोबर होतं. श्री. होतं. आप्पांना वाचून दाखवलं तर म्हणतात, माझ्याकडं तर येगळंच हाय. आईनं बघितलं तर खरंच कै.! मग शालनआत्याचा फोन, तिच्याकडं पण कै. आता भावकीत सगळे म्हणतात रणजीत खोटं बोलतोय, रणजीतच काहीतरी खोड्या करतोय. आत्या तर म्हणाली, जित्या बापाला मारलंस. मी हो? मीच तर छापखान्यात आठवणीनं फोन केला होता, की चुलत्यांच्या नावाला मान द्या म्हणून."

उत्कर्षानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण विचारलं भलतंच. "तू पहिल्यांदा कधी उघडलीस म्हणालास?"

"शिफ्ट सुटल्यावर."

"त्याच्या आधी एकदाही नाही?"

"फोनच नव्हता ना, काकू."

ती एकदम खूश झाली. तिचा खूश चेहरा मी ओळखतो. लग्नात मला पाहून झाला नव्हता, तसा होतो.

इंद्रायणी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळून मळून कणकेचा जीव गेलेला. तिचे डोळे सुजलेले पाहून मला भडभडून आलं. ही पोरगी लहानपणी माझ्या टाइम ऑफिसात आप्पांचा डबा घेऊन यायची आणि माझ्या टेबलावर बसून पेनांची टोपणं बदलायची.

"बाळा, रडू नकोस," उत्कर्षा म्हणाली. "ज्यानं केलं तो सापडेल."

इंद्रायणीनं मान वर केली नाही.

"शोधू नका, काकू," ती म्हणाली. "आप्पांना मीच मारलंय."

४

एवढं बोलून ती पुन्हा कणकेला लागली. मी स्कूटर चालवत पूर्ण रस्ताभर तेच घोळवत होतो. "कबुली मिळाली की," मी म्हणालो. "पण पोरगी अशी का करेल?"

"कबुली राहू द्या बाजूला," पाठीमागून आवाज आला. "ती एका प्रश्नाचं उत्तर देतेय आणि आपण आत्ता दुसराच प्रश्न सोडवतोय. कै. कोणी लिहिलं हा एक. आणि काढलेलं कै. काही लोकांना अजून का दिसतं, हा दुसरा. दोन्हींची गाठ मारली म्हणूनच सगळे घोटाळ्यात पडलेत. वाकडला चला."

निरंजन वाकडला एका उंच इमारतीत राहतो. गाडीच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. वेबसाइट त्यानं सुट्टीच्या दिवशी तयार साच्यावरून, हौसेनं केलेली. मुलगा गुणी. आम्हाला पाणी द्यायच्या आधीच बोलू लागला.

"काकू, कोणीतरी हॅक केलंय. मी कालपासून सारखा पासवर्ड बदलतोय. माझ्या लॅपटॉपवरची मूळ फाइल पाहतो तर बरोबर, आणि अर्ध्या मोशीला चूक दिसतेय. सगळ्यांना रिफ्रेश करायला सांगितलं, तरी तेच. इंद्रायणी माझा फोन उचलत नाही."

"बस," उत्कर्षा म्हणाली. "आधी शालनबाईंना फोन लावते."

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. शालनबाई चाकणहून तावातावानं बोलल्या. होय, त्यांच्याकडं अजून कै.च आहे. होय, लिंक आल्या आल्या उघडली होती, भाकरी तव्यावर टाकून. भाकरी करपली.

"आणि तुमच्या सूनबाई?"

"ती बँकेत जाती, तिनं राती बघितली. ती म्हनती श्री. हाय. ती बी रणजीतलाच सामील!"

उत्कर्षानं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही कधी उघडलीत?"

"सकाळी. चहाबरोबर."

"मी?"

"संध्याकाळी. यशोदावहिनींच्या फोननंतर."

"आप्पा सकाळी, शालनबाई सकाळी, तुम्ही सकाळी. तिघांना कै. रणजीत शिफ्ट सुटल्यावर, सूनबाई रात्री, मी संध्याकाळी. तिघांना श्री." ती म्हणाली. "कोण खोटं बोलतंय हे विचारायचंच नव्हतं. कोण कुठल्या शिफ्टचा, हे विचारायचं होतं. ज्यांनी दुरुस्तीच्या आधी एकदा उघडली त्यांना जुनी दिसते, आणि ज्यांनी दुरुस्तीनंतर पहिल्यांदा उघडली त्यांना नवी. म्हणजे जुनी पत्रिका वेबसाइटवर नाहीच. ती ज्याच्या त्याच्या फोनमध्ये बसलीय."

तिनं माझा फोन घेतला. त्यात इंटरनेट पाहायचं आणखी एक ॲप होतं, मी कधी न वापरलेलं. त्यातून तिनं तीच लिंक उघडली. माझ्याच फोनवर, माझ्याच डोळ्यांदेखत, आप्पा जिवंत झाले. नेहमीच्या ॲपमध्ये मात्र अजून कैलासवासीच होते.

निरंजननं कपाळावर हात मारून घेतला. "कॅश!"

मला वाटलं पैशांचं काही निघालं. तसं नव्हतं. निरंजननं समजावलं. फोन एखादं चित्र पहिल्यांदा आणतो तेव्हा त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवून देतो. पुढच्या वेळी त्याच नावाचं चित्र मागितलं की परत आणायला न जाता ठेवलेलंच काढून देतो, म्हणजे पान लवकर उघडतं. गावाकडे नेट हळू चालतं म्हणून निरंजननंच वेबसाइटला सांगून ठेवलं होतं, की हे चित्र महिनाभर बदलणार नाही, परत विचारायला येऊ नका. रिफ्रेश केलं की पान नवं यायचं, पण पानावरचं चित्र घरातलंच.

"आणि दुरुस्त केलेल्या चित्राला नाव काय दिलंस?" उत्कर्षानं विचारलं.

"तेच. पत्रिका डॉट जेपीजी. जुन्याच्या जागी नवं टाकलं."

"अरे राजा!" ती कळवळून म्हणाली. "आमच्या कंपनीत ड्रॉइंग बदललं की नंबरापुढे रिव्हिजन लिहायचो. आर वन, आर टू. नंबर तोच ठेवून आतलं ड्रॉइंग बदललंस, तर मशीनवरचा माणूस कपाटातलं जुनंच काढून काम करणार. त्याची काय चूक? त्याला नंबर मागितला, त्यानं नंबर दिला."

निरंजननं तिथल्या तिथे चित्राला नवं नाव दिलं, पत्रिका दोन. पानालाही सांगितलं की आता हे नवं चित्र दाखव. यापुढे चित्र बदललं की नाव बदलायचं, आणि पत्रिकेसारखी गोष्ट महिनाभर साठवून ठेवायला सांगायचीच नाही, वापरण्याआधी दर वेळी विचार म्हणायचं, हेही ठरलं. मी माझ्या नेहमीच्या ॲपमध्ये लिंक दाबली. श्री. भिमाजी. मी मोठ्यानं "जय हरी" म्हणालो.

रात्रीपर्यंत सगळ्यांचे फोन सरळ झाले. शालनबाईंनी रणजीतची माफी मागितली आणि रणजीत म्हणे फोनवरच हुंदके देऊन रडला. मी निवांत झोपलो.

सकाळी यशोदाबाईंचा फोन.

"ताईंना द्या भावजी. ह्यांच्या फोनवर बी श्री. आलं," त्या म्हणाल्या. "आन् तवापास्नं ह्यांनी घोटभर पानी घेतलं न्हाई."

५

"आता काय?" मी वैतागलो. "मेले होते तेव्हा रुसले, जिवंत झाले तर उपास! या माणसाला पाहिजे तरी काय?"

उत्कर्षानं चष्मा पुसला. "तेच. त्यांना काय पाहिजे हे आपण विचारलंच नाही. तुम्हाला त्यांनी पहिला फोन केला तेव्हा ते चिडले होते का?"

"छे. हसत होते."

"शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. जो माणूस कै. पाहून चिडला तो ते गावाला दाखवत फिरेल का? चिडले कधी? रणजीतनं दुरुस्त केलेली वाचून दाखवली तेव्हा. पहाटे उठून जुनी पत्रिका पाहत होते. फोन कोणाला देत नव्हते. आपल्याला वाटलं, अपमान उगाळतायत. अहो, अपमान कोणी उशीखाली घेऊन झोपतं का?"

मी गप्प बसलो. माझ्या बायकोशी चाळीस वर्षं संसार करून एवढं शिकलोय.

"पिंपरीला छापखान्यात, त्या सायलीकडे जाऊ," ती म्हणाली. "मग मोशी."

सायली मूळची लातूरकडची. पिंपरीच्या बाजारात एका छापखान्यात पत्रिकांची डिझाइनं करते. आम्हाला पाहताच तिचा बांध फुटला.

"काकू, सगळे मलाच बोलायलेत. मालक म्हणतात तुझ्यामुळं गिऱ्हाईक तुटलं. मी आपलं सांगितलं तसंच केलं ओ!"

"म्हणून तर तुझ्याकडे आले. नाव कोणी सांगितलं?"

"नवरीनं स्वतः. इथं माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगितलं. श्री. भिमाजी कोंडाजी बोऱ्हाडे यांची कन्या. मी तसंच टाइप केलं. तिनं दोनदा वाचून घेतलं आणि गेली."

"मग कै.?"

"नंतर तिच्या भावाचा फोन आला, रणजीतदादांचा. म्हणले, ताई, नवरीचे वडील वारलेले आहेत, त्यांच्या नावाआधी कै. लावायला विसरू नका, आमच्यात मोठा मान असतो. मला वाटलं, रडत रडत सांगताना नवरीच विसरली असंल. म्हणून मी श्री. काढून कै. लावले." तिनं डोळे पुसले. "मग गोंधळ झाल्यावर निरंजनसरांचा फोन आला, नीट माहिती दिली, तसं परत बदलले. आता यात माझं काय चुकलं सांगा."

"काही नाही चुकलं, पोरी," उत्कर्षा म्हणाली. "कोणाचंच नाही."

तिनं मालकांनाही चार शब्द सुनावले. ते खास सायलीसाठी.

६

आप्पा तसेच पडलेले. उत्कर्षानं पलंगाजवळ खुर्ची ओढली, सगळ्यांना आत बोलावलं आणि भिंतीशी बोलावं तशी बोलू लागली.

"आप्पा, तुम्ही कै. लागल्यामुळे रुसला नाहीत. तुम्ही कै. निघाल्यामुळे रुसलात."

आप्पांची पाठ हलली नाही.

"जुन्या पत्रिकेत कै.च्या पुढं आणखी एक शब्द होता. तो तुम्ही वाचत होतात."

मग आप्पा हळूच उठून बसले. दोन दिवसांत माणूस केवढा उतरला होता.

"ताई, तुमच्यापास्नं काय लपवू," ते म्हणाले. "त्या पत्रिकेत मी मेलो व्हतो, पर पोरीचा बाप व्हतो. ह्या पत्रिकेत जिता हाय, आन् चुलता हाय. आता तुमीच सांगा, कंची बरी? नियमानं हीच बरोबर हाय, मला कळतं. ज्ञानबा तिचा बाप. पर ते 'कन्या' वाचलं आन् जीव गुतला. छापखान्याची चूक म्हना. मी म्हनलं, चुकून का हुईना, कुनीतरी लिवलं. मग रणजीतनं वाचलं, पुतनी. मी कुनाच्या हक्कानं बसू कन्यादानाला?"

रणजीत दाराला टेकला होता, तो खालीच बसला.

"छापखान्याची चूक नव्हती, आप्पा," उत्कर्षा म्हणाली. "'कन्या' हे छापखान्यानं लिहिलं नाही. रणजीतनं फोन केला तो ज्ञानोबांचा मान राखायला: नवरीच्या वडलांना कै. लावा. त्याला काय माहीत, वडलांच्या जागी नाव कोणाचं सांगितलंय. सायलीनं वडलांचं नाव पाहिलं आणि त्याला कै. लावलं. पण त्या जागी तुमचं नाव सांगून आली होती ती दुसरीच. तिथे बसून दोनदा वाचून घेतलं तिनं." आणि ती वळली. "इंद्रायणी, सांग आता. नाहीतर मी सांगते."

इंद्रायणी पुढे आली. ओढणीचं टोक पिळत होती.

"मी सांगितलं होतं, आप्पा. तुम्हाला न विचारता. वाटलं, तुम्ही पत्रिकेतच वाचाल. आणि तुम्ही वाचलंत तेव्हा त्याच्या आधी कै. होतं. मी तुम्हाला कधी नव्हे ते एकदा बाप म्हटलं आणि तेवढ्यानं तुम्ही..." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "मला वाटलं, माझी जीभच अशुभ आहे. आईबाप तर तसेच गेले. निरंजननं पुतणी लिहिलं तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, काका म्हणून का होईना, पण राहू देत."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी खिडकीबाहेर बघू लागलो, कारण मला बाहेर बघायचं काम निघालं.

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिचा कान धरला, लहानपणी पेनांची टोपणं बदलल्यावर धरायचे तसा, आणि सोडलाच नाही.

"येडे," ते म्हणाले, "कै. तर समद्यांनाच लागतं एक दिस. तुझ्या जिभंनं न्हाई लागत. पर त्याच्या आदी बाप म्हनलं कुनी, तर मानूस सुखानं मरतो तरी. म्हन बघू."

"काय?"

"जे पत्रिकेत म्हनलीस ते. तोंडानं म्हन."

तिनं म्हटलं. इतकं हळू, की आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही, आणि ते आमच्यासाठी नव्हतंच.

उत्कर्षानं सायलीला फोन लावला. नवी पत्रिका: कै. ज्ञानोबा व श्री. भिमाजी कोंडाजी बोऱ्हाडे यांची कन्या. दोन भाऊ, एक मुलगी. सायलीनं विचारलं, व्याकरणात बसतं का हो काकू? उत्कर्षा म्हणाली, घरात बसतं. निरंजनला बजावलं, नाव बदलून टाक, पत्रिका तीन.

आप्पा तोवर पलंगावरून उतरले होते. खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि दारात बसलेल्या पोराला पायानं ढोसलं.

"ऊठ की रणज्या, रडतोस काय बायकावानी! लगीन चार दिसांवर आलं, आन् पोरीच्या बापाला अजून कापडं न्हाईत. गाडी काढ!"